आधी कान, मग माइक: विदर्भातल्या गावातून हॅम रेडिओची सुरुवात

मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या हॅम रेडिओवाल्यांच्या दोन कायमच्या तक्रारी असतात. सोसायटी गच्चीवर तार बांधू देत नाही, ही एक. आणि तार बांधलीच तरी आजूबाजूच्या शेकडो चार्जरांच्या, एलईडी दिव्यांच्या खरखरीत दूरचा आवाज बुडून जातो, ही दुसरी. आर्वीकडच्या, दारव्ह्याकडच्या किंवा सिंदेवाहीच्या एखाद्या गावात राहणाऱ्या माणसाला या दोन्ही अडचणी जवळजवळ नाहीत. तार ताणायला वावर आहे, नाहीतर घरामागचा वाडा आहे. रात्री गाव निजलं की रेडिओवरची खरखर इतकी उतरते की हजारो किलोमीटरवरचा क्षीण आवाजही उमटतो. हा छंद गावासाठीच जास्त योग्य आहे असं माझं ठाम मत आहे.

परवानाधारक हौशी लोकांनी आपापल्या सेटवरून, मधे मोबाइलचा टॉवर किंवा इंटरनेट न घेता, एकमेकांशी थेट बोलणं म्हणजे हॅम रेडिओ. तो धंद्यासाठी वापरता येत नाही. बोलायला केंद्र सरकारची परीक्षा आणि परवाना लागतो. नुसता रिसीव्हर घेऊन हॅम मंडळींच्या गप्पा ऐकायला मात्र आजच सुरुवात करता येते. नवख्या माणसाने पहिले दोन-तीन महिने फक्त ऐकावं. कोणत्या वेळी कोणता बँड, म्हणजे फ्रिक्वेन्सीचा पट्टा, उघडतो (दूरचं ऐकवू लागतो), लोक एकमेकांना कशी हाक मारतात, कुठे थांबतात, हे कानावर पडलेलं असलं की पुढचं सगळं सोपं जातं. सेट आधी घेऊन ऐकायला नंतर शिकणाऱ्यांचा सेट बहुधा कपाटात जातो.

कशावर ऐकायचं

पहिल्या आठवड्यात एक रुपयाही खर्च करू नका. नेदरलँड्समधल्या ट्वेन्टे विद्यापीठातला रेडिओ रिसीव्हर इंटरनेटवर सर्वांसाठी खुला आहे. 'वेबएसडीआर ट्वेन्टे' असं शोधलं की फोनच्या ब्राउझरमध्येच डायल उघडतो. असे खुले रिसीव्हर इतर देशांतही आहेत. दुपारी जेवणानंतर इअरफोन लावा, १४.२०० मेगाहर्ट्झच्या आसपास जा आणि मोड 'यूएसबी' निवडा (हा वायरवाला यूएसबी नव्हे, सिग्नलचा वरचा अर्धा पट्टा). आधी आवाज चिरका किंवा घोगरा येईल. डायल अगदी सावकाश सरकवत न्या. एका जागी तो माणसाचा आवाज होतो. हे दोन-तीन दिवस करून बघा, हाताला सवय लागते.

असं का होतं ते समजून घ्या. लघुलहरींवर, म्हणजे शॉर्टवेव्हवर, हॅम मंडळी एसएसबी नावाच्या पद्धतीने बोलतात. त्यात मूळ वाहक लहर आणि सिग्नलचा अर्धा पट्टा गाळून टाकलेला असतो, त्यामुळे थोड्या ताकदीत आवाज लांब पोचतो. पण घरातला साधा रेडिओ तो उलगडू शकत नाही. आजोबांचा शॉर्टवेव्हचा रेडिओ माळ्यावर असेल तर त्यावर परदेशी प्रसारण केंद्रं लागतील, हॅम नाही लागणार. एक नियम पाठ करा: १० मेगाहर्ट्झच्या खाली 'एलएसबी' (सिग्नलचा खालचा अर्धा पट्टा), वर 'यूएसबी'.

मग स्वतःचा रिसीव्हर. काही हजार रुपयांत दोन रस्ते आहेत. एक म्हणजे एसएसबीची सोय असलेला हातातला रेडिओ. टेकसनसारख्या कंपन्यांचे मिळतात. दुसरा म्हणजे आरटीएल-एसडीआर डोंगल. मुळात हा संगणकावर टीव्ही पाहण्यासाठी बनलेला डोंगल. त्यातल्या चिपमधून कच्चा रेडिओ सिग्नल बाहेर काढता येतो हे २०१२ च्या सुमारास लोकांच्या लक्षात आलं आणि हौशी जगाला एक स्वस्त, फार मोठ्या पट्ट्यावर चालणारा रिसीव्हर मिळाला. लॅपटॉपला लावला की पडद्यावर सगळा बँड रंगीत पट्ट्यासारखा खाली सरकताना दिसतो. कोण कुठे बोलतंय ते डोळ्यांनी कळतं. शाळकरी मुलांना दाखवायला याहून चांगलं साधन नाही. घेताना एवढं विचारा की त्यात लघुलहरी थेट लागतात का. साधे डोंगल साधारण २५ मेगाहर्ट्झपासून वरचंच ऐकतात. 'व्ही४' नावाच्या नव्या डोंगलमध्ये खालच्या लहरींची सोय आतच आहे.

वावरात जागलीला जाणाऱ्याने हातातलाच रेडिओ घ्यावा. हरभरा-तुरीच्या दिवसांत मचाणावर रात्र काढायची असते, लॅपटॉपची बॅटरी तिथे पुरत नाही. इअरफोन एकाच कानात घाला. दुसरा कान रानडुकरांसाठी मोकळा हवा.

बोलता येणारा सेट, अगदी हातातला वॉकी-टॉकीसुद्धा, परवाना येईपर्यंत घेऊ नका. ऑनलाइन दुकानांत असे सेट खेळण्यांसारखे विकले जात होते. २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने त्या विक्रीवर मार्गदर्शक तत्त्वं काढली. दुकानदाराने दिला म्हणून तो बाळगणं कायदेशीर होत नाही.

तार: सगळ्यात जास्त मन इथे लावा

महागडा रिसीव्हर आणि खिडकीत लोंबणारी हातभर तार यापेक्षा स्वस्त रिसीव्हर आणि बाहेर ताणलेली चांगली तार कधीही बरी. ऐकण्यासाठी सुरुवातीला १५ ते २० मीटर वायर पुरते. घराच्या फिटिंगची एक चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घ्या; वरचं आवरण काढायची गरज नाही. एक टोक घराच्या आढ्याजवळ, दुसरं धुऱ्यावरच्या कडुनिंबाला. कुंपणाच्या तारेचा ॲन्टेना म्हणून उपयोग करायचा विचारही करू नका; त्यात जनावरं हटवणाऱ्या झटका मशीनचा करंट असू शकतो.

टोकांना इन्सुलेटर म्हणून ड्रिपच्या जुन्या नळीचे वीतभर तुकडे उत्तम चालतात. दोन्ही कडांना भोकं पाडायची, एका भोकातून वायर, दुसऱ्यातून दोरी. झाडावर चढू नका. छोट्या बाटलीत वाळू भरून तिला सुतळी बांधा, फांदीवरून फेका आणि सुतळीच्या मागून जाड दोरी ओढून घ्या. झाडाकडची दोरी फांदीला पक्की बांधायची नाही. फांदीवरून खाली सोडून तिला एक दगड टांगायचा. वादळात झाड हलतं तेव्हा दगड वर-खाली होतो आणि वायर तुटत नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ४५ अंशांच्या उन्हाने साधी नायलॉन दोरी दोन-तीन वर्षांत भुसभुशीत होते, म्हणून मृगाआधी दरवर्षी ती ताणून बघा.

थोडं पुढे जायचं असेल तर डायपोल, म्हणजे मधे तोडलेली दोन सारख्या हातांची तार, बांधा. पुढे याच डायपोलवरून बोलताही येतं. १४३ ला मेगाहर्ट्झने भागलं की एकूण लांबी मीटरमध्ये मिळते. ७.१ मेगाहर्ट्झसाठी ती सुमारे २०.१ मीटर, म्हणजे दोन्ही बाजूंना सुमारे १० मीटर किंवा ३३ फूट. बरोबर मधे तोडायची. एका भागाला रिसीव्हरकडे जाणाऱ्या केबलची आतली तार, दुसऱ्याला बाहेरची जाळी जोडायची. वायर मापापेक्षा वीतभर जास्त कापा. कमी करता येते, वाढवता येत नाही. जोडावर पाणी गेलं तर केबल आतून काळी पडते, म्हणून जोड नीट झाळून त्यावर रबराची टेप गुंडाळा. नुसतं ऐकायला डिशची ७५ ओहमची केबल चालते. बोलायचं असेल तेव्हा ५० ओहमची घ्या, आरजी-५८ किंवा त्याहून जाड.

दोन उंच आधार नसतील तर मधे एकच बांबू किंवा जीआय पाइप उभा करा आणि दोन्ही हात खाली उतरते सोडा. टोकं जमिनीपासून माणसाच्या हाताला लागणार नाहीत इतकी वर हवीत. खूप उंचीचा सोस नको. ७ मेगाहर्ट्झवर सहा-सात मीटर उंचीची तार लहरी बऱ्याचशा सरळ वर फेकते. वातावरणाच्या वरच्या थरावरून त्या परतून चारशे-सहाशे किलोमीटरच्या परिघात पडतात. नागपूरहून हैदराबाद सरळ रेषेत सुमारे ४२० किलोमीटर, पुणे सुमारे ६२०. म्हणजे महाराष्ट्र आणि शेजारची राज्यं ऐकायला ही ठेंगणी तारच कामाची.

आता दोन गोष्टी, ज्यांत सूट नाही. पहिली, विजेच्या तारा. महावितरणच्या लाइनच्या वरून किंवा खालून ॲन्टेना कधीच न्यायचा नाही. खांब उभा करताना तो पडला तर किंवा वायर तुटून झोपली तर लाइनपर्यंत पोचेल का, हे आधी मोजा. पोचत असेल तर जागा बदला. अकरा हजार व्होल्टच्या लाइनखाली ओल्या बांबूसह उभा असलेला माणूस वाचत नाही.

दुसरी, आकाशातली वीज. विदर्भात पावसाळ्यात आणि अवकाळीच्या दिवसांत वीज पडून दरवर्षी माणसं जातात. ढग दाटायच्या आधीच केबल रिसीव्हरमधून काढून घराबाहेर ठेवा. टेबलाच्या कडेला सोडलेली केबल पुरेशी नाही. वीज थेट पडली नाही तरी लांब तारेवर भार साठतो. रेडिओवर कडकड-चरचर वाढू लागली की गडगडाट ऐकू येण्याआधीच उठा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' हे ॲप फोनवर ठेवा. जवळपास वीज पडत असेल तर ते सूचना देतं.

खरखर कुठून येते ते शोधा

तार बांधली, रिसीव्हर लावला आणि नुसती घरघर आली तर निराश होऊ नका. रिसीव्हर बॅटरीवर चालवा आणि घराचा मेन स्विच बंद करा. घरघर गेली तर चोर घरातच आहे. मग एकेक वस्तू चालू करत जा: स्वस्त एलईडी बल्ब, मोबाइलचा चार्जर, डिशच्या डब्याचा ॲडाप्टर, इन्व्हर्टर. बहुतेक वेळा दोन-तीनच वस्तू दोषी असतात आणि त्या बदलणं स्वस्त असतं.

मेन बंद करूनही आवाज राहिला तर तो बाहेरचा. गावाकडे बाहेरचे दोन मोठे स्रोत आहेत. एक, सौर कृषी पंपाचा कंट्रोलर. दिवसा ऊन चढलं की याची भणभण सुरू होते आणि मावळतीला थांबते. त्याच्या केबलपासून आपली तार जितकी लांब आणि काटकोनात, तितकं चांगलं.

दुसरा म्हणजे झटका मशीन. रोही आणि रानडुकरांपासून पीक वाचवायला आता जवळजवळ प्रत्येक शिवारात ते आहे. सेकंद-सव्वा सेकंदाला एक ठोका देतं आणि रेडिओवर तो घड्याळासारखा टक-टक ऐकू येतो. मशीन नीट असेल तर टकटक हलकी असते. जोरात येत असेल तर कुंपणाची तार कुठेतरी गवताला, ओल्या खांबाला किंवा सैल जोडाला लागून ठिणगी पडते आहे. हातातला रेडिओ घेऊन कुंपणाच्या कडेकडेने चाला. जिथे टकटक सर्वात मोठी, तिथे गळती. शेजाऱ्याला ती जागा दाखवा. त्याच्या मशीनचा झटका तिथेच वाया जात असतो, त्यामुळे दुरुस्तीला तो नाही म्हणत नाही. जोड दुरुस्त केला की त्याचं कुंपण आणि तुमचा रेडिओ दोन्ही सुधारतात. तारेला हात मात्र मशीन बंद केल्याशिवाय लावू नका.

लोडशेडिंगची वेळ वाया घालवू नका. आजूबाजूची सगळी घरं अंधारात गेली की बॅटरीवरचा रिसीव्हर जे ऐकतो, ते त्या तारेवरचं सर्वोत्तम असतं.

केव्हा काय ऐकू येतं

दिवसा सूर्यामुळे वातावरणात ६० ते ९० किलोमीटर उंचीवर एक थर तयार होतो. तो खालच्या लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की हा थर विरतो आणि लहरी त्याहून कितीतरी वरच्या थरापर्यंत जाऊन परततात, म्हणून लांब पडतात. रात्री मध्यम लहरींवर दूरदूरची आकाशवाणी केंद्रं लागतात ती यामुळेच. नागपूरहून १९८८ पासून आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी १५६६ किलोहर्ट्झवर १००० किलोवॅटने रात्री प्रसारित होत असे आणि एकाच केंद्रावरून देशाच्या मोठ्या भागात पोचत असे. देशाच्या मध्यावर असण्याचा तो फायदा होता, आणि तो फायदा आजही तुमच्या वावराला आहे.

सकाळी सहा ते नऊ ७ मेगाहर्ट्झवर 'एलएसबी'त बसा. भारतात हा हॅम बँड ७.००० ते ७.२०० आहे, बोलणी बहुधा ७.०५० च्या वर मिळतात. हिंदी, इंग्रजी, तमिळ, मल्याळम आणि लक्ष ठेवलं तर मराठीही. ऊन चढलं की हा बँड मंदावतो. मग १४, २१ आणि २८ मेगाहर्ट्झकडे जा. दुपारनंतर १४ वर रशिया आणि युरोप येतात. सूर्यावरच्या डागांचं सुमारे अकरा वर्षांचं चक्र २०२४ च्या सुमारास शिखरावर होतं. ते उतरत जाईल तसा २८ मेगाहर्ट्झ कमी उघडेल, म्हणून तो आधी ऐकून घ्या. रात्री पुन्हा ७ वर या. इंडोनेशिया, जपान, पश्चिम आशिया मिळतात.

रिसीव्हर आणि तार ठीक आहे की नाही हे तपासायला ५ आणि १० मेगाहर्ट्झवर 'एएम' मोडमध्ये चीनचं बीपीएम हे वेळ सांगणारं केंद्र शोधा. सेकंदासेकंदाला टिक येते. रात्री ती ऐकू आली तर तुमची व्यवस्था नीट आहे.

एक वही करा. तारीख, वेळ, फ्रिक्वेन्सी, मोड, कॉलसाइन (परवान्यासोबत मिळणारं हवेवरचं नाव) आणि आवाज कसा होता. वेळ जागतिक वेळेत लिहा: आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा. कॉलसाइनच्या पहिल्या अक्षरांवरून देश कळतो. व्हीयू म्हणजे भारत, ४एस श्रीलंका, एस२ बांगलादेश, ९एन नेपाळ, ए६ संयुक्त अरब अमिराती, जेए जपान, वायबी इंडोनेशिया. व्हीयू४ ऐकलं तर अंदमान आणि व्हीयू७ म्हणजे लक्षद्वीप. अशा वेळी हातातलं काम सोडून ऐका. अक्षरं अल्फा, ब्राव्हो, चार्ली अशी फोड करून सांगतात. ती सव्वीस नावं चालता-फिरता पाठ होतात.

डोक्यावरून जाणारं अवकाश स्थानक

मुलांना हा छंद लागावा असं वाटत असेल तर याच पायरीवर त्यांना बोलवा. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून फिरतं आणि त्यावर हॅम रेडिओचं केंद्र आहे. तिथून बोललेलं १४५.८०० मेगाहर्ट्झवर 'एफएम'मध्ये येतं. जुलै २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला यांनी स्थानकावरून बंगळुरूच्या यू. आर. राव उपग्रह केंद्रात जमलेल्या विद्यार्थ्यांशी हॅम रेडिओवरूनच संवाद साधला होता.

हे ऐकायला मोठी तार लागत नाही. आरटीएल-एसडीआर डोंगल आणि अर्ध्या मीटरची, नेमकं सांगायचं तर सुमारे ४९ सेंटिमीटरची उभी काडी पुरते. त्याहून चांगला ॲन्टेना मोजपट्टीच्या पोलादी पट्टीचे तुकडे पीव्हीसी पाइपवर बसवून करता येतो. गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात सगळं मिळतं. स्थानक केव्हा येणार ते 'हेवन्स अबव्ह' या ॲपवर आपल्या गावाचं ठिकाण टाकून बघा. एका फेरीत जास्तीत जास्त दहा मिनिटं मिळतात. क्षितिजापासून वर बरंच येणारी फेरी निवडा. वावरात झाडं-इमारती आड येत नाहीत, त्यामुळे स्थानक क्षितिजावर येता येताच सिग्नल सुरू होतो.

रोज कोणी बोलत असेलच असं नाही. पण १४५.८२५ वर स्थानकावरून डिजिटल संदेशांचे छोटे फुत्कार पुष्कळदा येतात. काही वेळा ठरावीक दिवशी १४५.८०० वर चित्रं पाठवली जातात. चित्राचा तो चढ-उताराचा सूर फोनला ऐकवला की 'रोबोट३६' या ॲपमध्ये रेघ-रेघ करत चित्र उमटतं. जिल्हा परिषदेच्या शाळेच्या पटांगणात हे एकदा करून दाखवा.

उपग्रहाकडून हवामानाची चित्रं घ्यायचे जुने व्हिडिओ इंटरनेटवर पुष्कळ दिसतील. त्यांतले अमेरिकेचे एनओएए-१५, १८ आणि १९ हे उपग्रह २०२५ मध्ये बंद झाले. त्यांच्या मागे वेळ घालवू नका, आता १३७.९ मेगाहर्ट्झवर रशियाचे मेटिऑर मालिकेतले उपग्रह आहेत.

परवाना

परवाना दूरसंचार विभागाची बिनतारी नियोजन आणि समन्वय शाखा देते. तिला सगळे डब्ल्यूपीसी म्हणतात. अर्ज 'सरल संचार' या सरकारी पोर्टलवर भरायचा. वयाची किमान अट १२ वर्षं, वरची मर्यादा नाही. दोन श्रेणी आहेत: रिस्ट्रिक्टेड आणि जनरल. रिस्ट्रिक्टेडला मोर्स (टिंब-रेघांची लिपी) लागत नाही आणि साधारणपणे व्हीयू३ ने सुरू होणारा कॉलसाइन मिळतो. जनरलला मिनिटाला आठ शब्दांच्या वेगाने मोर्स घेता-देता यायला हवं, त्याला व्हीयू२. नवख्याने रिस्ट्रिक्टेडच द्यावी. ७ आणि १४ मेगाहर्ट्झवर बोलायला ती पुरते.

परीक्षेचे दोन भाग असतात. एक रेडिओचं शास्त्र: ओहमचा नियम, कॉइल आणि कपॅसिटर, मॉड्युलेशन, ॲन्टेना, लहरींचं प्रसरण. दुसरा नियम आणि पद्धती: बँडच्या मर्यादा, क्यू संकेत (क्यूने सुरू होणारे तीन अक्षरी संकेत), फोनेटिक अक्षरं (तीच अल्फा, ब्राव्हो), संकटाच्या हाकेला काय करायचं. बारावी विज्ञान किंवा आयटीआयचा इलेक्ट्रिशियन झालेल्याला पहिला भाग ओळखीचा वाटेल. शेतकऱ्याला तारेच्या निमित्ताने निम्मा कळलेला असेल. दुसरा भाग पाठांतराचा आहे, आणि तीन महिने ऐकलेलं असेल तर तोही निम्मा पाठच असतो. साहित्य बहुतेक इंग्रजीत आहे, म्हणून दोघा-तिघांनी मिळून बसा. एकाला गणित येतं, एकाला इंग्रजी वाचता येतं, असं जमतं.

१९७८ च्या हौशी रेडिओ नियमांत परीक्षेच्या केंद्रांमध्ये नागपूरचं नाव आहे, त्यामुळे मुंबईलाच जावं लागेल असं धरून चालू नका. अर्ज भरताना जवळचं केंद्र आणि तारीख पाहा. परीक्षेची फी १०० रुपये, परवान्याची वीस वर्षांसाठी १००० आणि आजीवन २००० अशी राहत आली आहे. २०२३ चा नवा दूरसंचार कायदा आल्यापासून जुने नियम बदलण्याचं काम चालू आहे, म्हणून पैसे भरण्याआधी पोर्टलवरचा ताजा आकडा आणि अटी वाचा.

परवान्यावर केंद्राचा पत्ता असतो. घर गावात आणि वावर तीन किलोमीटरवर असेल तर तार कुठे बांधणार हे अर्जाआधी ठरवा. कागदपत्रांची पडताळणी होते, त्याला महिने लागू शकतात. तेवढ्या वेळात ऐकणं चालू ठेवा. परवाना आला की त्याची प्रत सेटजवळ ठेवा आणि पोलीस पाटलांना एकदा सगळं दाखवून या. गडचिरोलीत राहत असाल तर ठाण्यातही आधीच कळवा. अनोळखी तार आणि रेडिओ पाहून कोणालाही प्रश्न पडणं साहजिक आहे, आणि आधी सांगितलेलं असलं की पुढे मदतच होते.

पहिला सेट आणि पहिली हाक

नवा शंभर वॉटचा परदेशी सेट घ्यायची घाई नको. हैदराबादचे अश्हर फरहान, कॉलसाइन व्हीयू२ईएसई, यांनी बिटएक्स नावाचा सेट बाजारात सहज मिळणाऱ्या सुट्या भागांतून बनवता येईल असा आखला आणि त्याची आकृती सगळ्यांसाठी खुली केली. जगभर लोकांनी तो हाताने बनवला. झाळकाम येत असेल तर याच घराण्यातला सेट बनवा. बिघडला तर स्वतः दुरुस्त करता येतो, आणि गावात राहणाऱ्याला याची किंमत जास्त कळते.

वीज हा प्रश्नच नाही. बॅटरीवरच्या फवारणी पंपात १२ व्होल्ट, ८ अँपिअर-अवरची बॅटरी असते. दहा वॉटचा सेट बोलताना दोन-तीन अँपिअर घेतो आणि ऐकताना त्याच्या कितीतरी कमी, म्हणजे फवारणी नसलेल्या दिवशी त्या बॅटरीवर सकाळभर बसता येतं. शंभर वॉटच्या सेटला मात्र सुमारे वीस अँपिअर लागतात. तिथे ट्रॅक्टरची बॅटरी हवी.

पहिल्यांदा बोलताना फ्रिक्वेन्सी निवडून मिनिटभर ऐका. मग विचारा, 'ही फ्रिक्वेन्सी वापरात आहे का?' आणि आपला कॉलसाइन सांगा. उत्तर नसेल तर पुन्हा एकदा विचारा. मगच 'सीक्यू, सीक्यू, सीक्यू' (ऐकणाऱ्या कोणीही उत्तर द्या) अशी हाक द्या, कॉलसाइन दोनदा फोड करून सांगा आणि 'स्टँडिंग बाय' म्हणून बटण सोडा. घाबरून सलग बोलत राहू नका. कोणी उत्तर दिलं की त्याचा कॉलसाइन, मग त्याचा आवाज कसा येतो ते आकड्यांत: स्पष्टपणा पाचपैकी, जोर नऊपैकी. स्वच्छ आणि जोरदार असेल तर पाच-नऊ. नाव, गाव, सेट, ॲन्टेना, हवामान. निरोप घेताना '७३', म्हणजे शुभेच्छा. एवढ्यात पहिला संवाद पूर्ण झाला. नव्या आवाजाला जुनी मंडळी सांभाळून घेतात. 'माझा पहिलाच संवाद आहे' असं सांगितलंत तर आणखीच.

धंद्याचं बोलणं, राजकारण, धर्म, गाणी आणि सांकेतिक भाषा हवेवर नको. संत्र्याचा भाव सांगून सौदा करणं हासुद्धा धंदाच. कोणी संकटाची हाक देत असेल तर ताबडतोब गप्प राहून लिहून घ्या.

ही शिस्त कशासाठी, ते दोन घटना सांगतात. २६ जानेवारी २००१ ला भूज हादरलं, टेलिफोन गेले आणि हॅम मंडळींनी निरोप पोचवले. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद, कॉलसाइन व्हीयू२आरबीआय, आपल्या चमूसह छंद म्हणूनच अंदमानात पोर्ट ब्लेअरहून जगाशी बोलत होत्या. त्सुनामी आली आणि तोच सेट बेटांवरच्या लोकांची खबर मुख्य भूमीला देऊ लागला. आपल्याकडे पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो; मेळघाटातल्या कितीतरी पाड्यांवर एरवीही मोबाइलला रेंज नसते. तालुक्यात दोन-तीन परवानाधारक असतील आणि त्यांची रविवारी सकाळी ठरल्या वेळी हवेवर भेटायची सवय असेल, तर गरज पडेल तेव्हा कोणाला काही नव्याने शिकवावं लागत नाही. म्हणून पहिला संवाद झाला की लगेच तालुक्यातला दुसरा माणूस तयार करायला लागा.

राहिलं क्यूएसएल कार्ड. संवाद झाल्याची पोच म्हणून हॅम मंडळी एकमेकांना छापील कार्ड पाठवतात. अमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडियाच्या क्यूएसएल ब्युरोमार्फत ती परदेशी जातात. कार्डावर दोन्ही कॉलसाइन, तारीख, जागतिक वेळ, फ्रिक्वेन्सी, मोड आणि आवाजाचा आकडा लिहा. गाव, तालुका, जिल्हा लिहाच, पण त्याखाली आपला ग्रिडही लिहा. जगाचे अक्षांश-रेखांशांवर पाडलेले हे चौकोन जमवणारे हजारो लोक आहेत आणि विदर्भातून हवेवर येणारे मोजके. नागपूर एमएल-९१ मध्ये येतं, अमरावती एमएल-८० मध्ये, यवतमाळ एमएल-९० मध्ये, चंद्रपूर एमके-९९ मध्ये आणि भामरागड एनके-०९ मध्ये.